पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची

माझ्या आत्याला लोकांची वाक्यं पुरी करायची सवय आहे. तुम्ही "काल मी त्या..." म्हणून क्षणभर थांबलात, की पुढचा शब्द तिच्या तोंडून आलाच म्हणून समजा. दहापैकी नऊ वेळा तो बरोबर असतो, हीच त्यातली चीड आणणारी गोष्ट. लग्न का केलं नाही असं तिला चाचरत विचारणाऱ्यांचं वाक्यसुद्धा तीच पुरं करून देते, आणि मग तो विषय तिथेच मिटतो.

यात तिचा दोष अर्धाच. ती आमच्या शाळेत ग्रंथपाल आहे आणि एकोणीस वर्षं आंतरशालेय पाठांतर स्पर्धेची प्रॉम्प्टर. स्पर्धेत मुलं एखादा उतारा पाठ करून अभिनयासकट म्हणतात. अडलं तर पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आत्या पुढचा शब्द सांगते. फक्त एक शब्द, आणि स्पर्धकाला ऐकू जाईल एवढाच. एकदा सांगितलं की दोन गुण कापले जातात. तीनदा सांगावं लागलं की स्पर्धक बाद.

सगळी शाळा तिला आत्या म्हणते ते माझ्यामुळे. पाचवीत असताना मी भर ग्रंथालयात "आत्या, डबा विसरलो" म्हणून गळा काढला होता. दुसऱ्या दिवसापासून शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. आठवीत मी स्वतःही स्पर्धेत उतरलो होतो. तीन वेळा अडलो आणि बाद झालो. माझ्यापेक्षा आत्याचंच पाठांतर चांगलं होतं, असा निकाल लोकांनी घरी जाता जाता लावला. आता मी शाळेसमोरच्या छापखान्यात प्रुफं तपासतो आणि स्पर्धेच्या दिवशी आत्याच्या शेजारी स्टॉपवॉच आणि घंटा घेऊन बसतो. घड्याळ बघायला पाठांतर लागत नाही.

प्रॉम्प्टिंग हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पोरगं गप्प झालं म्हणजे विसरलंच असं नसतं. काही वेळा ते मुद्दाम थांबलेलं असतं, परिणामासाठी. त्याला पॉज म्हणतात. पॉजमध्ये शब्द सांगितला तर त्याचे दोन गुण फुकट जातात. विसरलेलं असताना नाही सांगितला, तर पोरगं तिथे उभ्या उभ्या वाळतं. हे ओळखायचं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "हात बघायचे. थांबलेल्याचे हात पात्राचेच राहतात. विसरलेल्याचे हात त्याचे स्वतःचे होतात."

मला पटलं. बाद होताना माझा एक हात चड्डीच्या खिशात होता, असं आई अजून सांगते.

एकोणीस वर्षांत आत्या एकदाच चुकली. म्हणजे चुकली असं सगळे म्हणाले.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतली एक मुलगी होती, तिला सगळे तोफ म्हणायचे. अंगाने काडी, पण आवाज असा की प्रार्थनेच्या वेळी माईक बंद पडला तरी कुणाला कळत नसे. तिचा उतारा एका स्टेशनमास्तरचा होता. "गाडी आली. दारं उघडली," एवढं म्हणून तोफ थांबली. हात जोडलेले होते, काही कळेना. चार सेकंदांनी आत्याने हळूच सांगितलं, "पण."

तोफेने चमकून खाली बघितलं आणि "पण कुणी उतरलं नाही" म्हणत पुढे गेली. दोन गुण कापले गेले. ती दुसरी आली, एका गुणाने. आणि राज्याच्या फेरीला फक्त पहिला क्रमांक जातो.

निकालानंतर भाषेचे सर तरातरा कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी आले. "आत्या, अहो तो पॉज होता! काय सुंदर पॉज होता तो! तुम्ही मध्येच तोंड घातलंत!" तोफ त्यांच्या मागे रडत उभी होती. आत्या म्हणाली, "चुकलं माझं." सगळ्यांसमोर म्हणाली. घरी येईपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

त्या दिवसापासून तिने वाक्यं पुरी करणं सोडलं.

तुम्हाला वाटेल, बरं झालं. आम्हालाही दोन दिवस वाटलं. पण माझ्या वडिलांचं अर्धं बोलणं आत्याच्या भरवशावर चालायचं. बाबा घरीच पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करतात. हातात स्क्रू धरून ते म्हणणार, "अगं, ते आपलं हे..." आणि आत्या भाजी निवडता निवडता "पक्कड" म्हणणार, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आता बाबा "ते आपलं हे..." म्हणून थांबायचे आणि आत्या ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत बसायची. तिच्या मनात शब्द आलेला असायचा, कपाळावरची शीर सांगायची. पण तोंड उघडायची नाही.

"बोल की! काय म्हणतोय मी?" बाबा वैतागायचे.

"तू सांग ना, दादा. तू कदाचित मुद्दाम थांबला असशील."

"इस्त्रीपुढे मी कशाला मुद्दाम थांबू?"

आई मला बाजूला घेऊन म्हणायची, "अरे, वन्सं अशाच राहिल्या तर या घरात एक वाक्य धड पुरं व्हायचं नाही." गंमत वाटायची, पण पूर्ण नाही. आत्या जेवता जेवता हात थांबवून शून्यात बघायची, आणि तिच्या डोक्यात ते चार सेकंद चालू आहेत हे सगळ्यांना कळायचं. एकदा तिने मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "चार म्हणजे तुझ्या घड्याळात पुरते चार होते, की साडेतीन?"

मी साडेचार म्हणालो. खोटं बोललो. तिला ते कळलंही.

या वर्षी स्पर्धेच्या आठ दिवस आधी तोफ ग्रंथालयात आली. आता ती दहावीत. शाळेतलं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. मी स्पर्धेच्या पत्रिकेचं प्रूफ दाखवायला गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर झालं. तिने उताऱ्याची प्रत टेबलावर ठेवली. प्रॉम्प्टरला प्रत द्यावी लागते.

"आत्या, एक सांगायचं होतं."

आत्या थांबून राहिली.

"या वर्षी मला काही सांगू नका. काही झालं तरी. मी कितीही वेळ गप्प राहिले तरी."

"पंधरा सेकंद झाले की हा घंटा वाजवतो," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मग खाली उतरावं लागतं. नियम आहे."

"वाजवू दे. पण तुम्ही सांगू नका. कबूल?"

आत्याचा चेहरा कुणी तोंडावर दार लावल्यासारखा झाला. "कबूल," ती म्हणाली.

तोफ गेल्यावर तिने प्रत उघडली, वाचली, आणि माझ्यासमोर सरकवली. "वाच. हे मुद्दाम निवडलंय पोरीने."

उतारा असा होता. एक गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. सगळे निघून गेलेत. शाळेतली बाई शेवटच्या दिवशी रिकाम्या वर्गात हजेरी घेते. एक नंबर. दोन नंबर. प्रत्येक नंबर पुकारायचा, उत्तराची वाट बघायची, उत्तर येत नाही, मग त्या मुलाबद्दल चार शब्द बोलायचे आणि पुढचा नंबर. एकूण तेवीस मुलं. म्हणजे तेवीस पॉज, तेही उताऱ्यातच लिहिलेले.

"आणि हातात हजेरीपट धरायचाय," आत्या म्हणाली. "दोन्ही हातांनी."

म्हणजे हात दिसणार नव्हते. एवढं माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं.

ग्रंथालय आणि सभागृह यांच्यामध्ये एकच भिंत आहे. संध्याकाळी तिथे तोफेची तालीम चालायची. तालमीला प्रॉम्प्टरने जाऊ नये असा संकेत आहे. आत्या गेली नाही. फक्त तिने आठ दिवस भिंतीलगतच्या कपाटातली पुस्तकं लावायला काढली. पेन्सिल हातात. प्रतीवर ती ठिपके द्यायची, एका सेकंदाला एक. तीन नंबरपुढे दोन ठिपके, नऊ नंबरपुढे तीन, सतरापुढे पाच. घरी आल्यावर ते ठिपके मोजायची, पुन्हा मोजायची.

मी म्हटलं, "आत्या, कबूल केलंस ना, सांगायचं नाही म्हणून? मग हे ठिपके कशाला?"

"माहीत असावं."

"माहीत असून गप्प बसणार?"

"तू तुझी घंटा सांभाळ, शहाण्या."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिने तीन पेन्सिलींना टोक केलं आणि तिन्ही घरी विसरली. चष्मा पुसून पुसून एक काडी ढिली केली. आई तिला म्हणाली, "वन्सं, तुम्ही नुसतं बसायचंय. बोलायचं तर त्या मुलीला आहे." आत्या म्हणाली, "तेच तर."

सकाळी वक्तृत्व झालं. त्याला प्रॉम्प्टर नसतो, नुसती घंटा असते. पर्यावरण वाचवणाऱ्या अकरा मुलांनी मिळून हवेत इतके हात मारले की पुढच्या रांगेत वारा लागत होता. एकजण "आणि म्हणूनच मित्रहो" असं चार वेळा म्हणाला आणि म्हणूनच काय ते सांगायच्या आत मी घंटा वाजवली. एरवी आत्या अशा वेळी माझ्या कानात काहीतरी टाकते. त्या दिवशी तिने ओळसुद्धा दाखवली नाही.

दुपारी पाठांतर सुरू झालं. पहिले सहाजण आले नि गेले. आत्याने दोघांना शब्द सांगितले, दोन्ही बरोबर. मला वाटलं, हात बसला तिचा. मग सात नंबरची चिठ्ठी पुकारली गेली आणि तोफ स्टेजवर आली. साडी नेसलेली, केस घट्ट बांधलेले, हातात लाल पुठ्ठ्याचा हजेरीपट. भाषेचे सर दाराशी उभे, ओठ हलत होते. आत्याने प्रत उघडली आणि तिच्यावर पालथा पंजा ठेवला. मजकूर झाकून टाकला.

"एक नंबर," तोफ म्हणाली. आणि खरं सांगतो, सभागृह शांत झालं. तिचा नेहमीचा आवाज नव्हता तो. खालचा, दमलेला होता. तीन नंबरला ठिपके दोन होते, ती चार सेकंद थांबली. नऊ नंबरला ठिपके तीन, ती आठ सेकंद थांबली. मी घड्याळ आत्याच्या बाजूला केलं. आत्याने नको म्हणून मान हलवली. तिची बोटं प्रतीवर पसरलेली होती आणि नखं पांढरी झाली होती. तालमीतले ठिपके आता काही कामाचे नव्हते. पोरगी रंगात आली होती आणि वाटेल तिथे, वाटेल तेवढी थांबत होती.

"सोळा नंबर. हा बोलायचा कमी. पाटीवर मासे काढायचा. जा बाळा, आता मासे तुझ्या बाकावर येतील."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मुख्य परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं.

"सतरा नंबर."

आणि ती थांबली.

मी स्टॉपवॉच दाबलं. तीन. चार. पाच ठिपके संपले. सहा. तोफेची नजर रिकाम्या बाकांवर फिरत असावी तशी आमच्या डोक्यांवरून फिरत होती. पात्राची नजर अशीच फिरणार. सात. आठ. हजेरीपट छातीशी धरलेला, बोटं पुठ्ठ्यामागे. नऊ. सभागृहाला हा सगळ्यात मोठा पॉज वाटत होता, लोकांनी श्वास धरला होता. मी आत्याकडे बघितलं. ती मान खाली घालून आपल्या पंजाकडे बघत होती. एकोणीस वर्षांत ती कधी खाली बघताना मी पाहिली नव्हती. प्रॉम्प्टरने कागद बघायचा नसतो, माणूस बघायचा असतो, हे तिनेच मला शिकवलेलं.

दहा. माझा अंगठा घंटेवर गेला. घाम सुटला होता मला, खोटं कशाला सांगू. अकराला मी काही न बोलता घड्याळ तिच्या पंजावर सरकवलं.

आत्याने मान वर केली. तोफेच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही कळलं नसावं. हजेरीपटाकडे बघितलं. मग तिची नजर खाली आली. आमची खुर्ची स्टेजच्या इतकी जवळ की समोर नाकाशी स्पर्धकाचे पायच येतात. साडीच्या काठाखाली, चपलेतून बाहेर आलेला तोफेचा उजवा अंगठा लाकडी फळी खरवडत होता. खर्र, खर्र. शाळेची बाई असं करत नाही. असं दहावीतली मुलगी करते.

"कधीच," आत्या म्हणाली.

हळू नाही म्हणाली. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"कधीच हजर नसायचा," तोफ म्हणाली. आवाज फाटला आणि सावरला. "आज तू एकटाच नियमात आहेस." लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. पुढचे सहा नंबर तिने असे घेतले की तेविसावा संपल्यावर टाळ्या वाजायलाच वेळ लागला. मी घड्याळ बघितलं, तेरा सेकंदांवर थांबलं होतं. मुख्य परीक्षकांनी पेन उचललं आणि कागदावर एक छोटी रेघ मारली. ते दोन गुण.

त्यानंतरचा पाऊण तास आत्याने कसा काढला ते मला विचारू नका. आणखी चारजण झाले. ती शब्द सांगत होती, बरोबर सांगत होती, पण प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघत होती. मधेच पुटपुटली, "अंगठा पॉजमध्येही हलू शकतो का रे?"

"आत्या, मला काय माहीत?"

"बाईचाही हलू शकतो. बाई अस्वस्थ आहे. गाव बुडतंय तिचं."

"आत्या."

"कबूल केलं होतं मी तिला."

निकाल लागला. तोफ दुसरी. पुन्हा एका गुणाने. भाषेचे सर दारातून निघाले ते थेट आमच्या दिशेने, पण अर्ध्या वाटेत थांबले, हात वर केले, खाली सोडले आणि बाहेर निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्या टेबलावरच्या कपड्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती.

सभागृह रिकामं झाल्यावर तोफ आली. साडी खोचलेली, डोळे सुजलेले.

"आत्या."

"बोल."

"मघाशी... सतराला..."

ती अडली. आत्यानेही पुढचं सांगितलं नाही. दोघी तशाच उभ्या. मी सवयीने स्टॉपवॉचकडे बघितलं.

"मी विसरले होते," तोफ म्हणाली. "काहीच आठवत नव्हतं. माझं नावसुद्धा. तुम्ही खाली बघत होता, मला वाटलं आता घंटा होणार."

आत्याने इतका लांब श्वास सोडला की टेबलावरच्या चिठ्ठ्या हलल्या. खुर्चीची पाठ धरून ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. जा आता, घरी वाट बघत असतील."

तोफ गेली नाही.

"आणि गेल्या वर्षीही."

"गेल्या वर्षी काय?"

"विसरलेच होते. 'दारं उघडली'च्या पुढे. पॉज नव्हता तो." ती भराभर बोलू लागली. "सरच म्हणाले पॉज होता, सुंदर होता. मी नाही म्हटलंच नाही. मग सगळेच म्हणायला लागले. मग मला सांगताच येईना. म्हणून या वर्षी म्हटलं, तुम्ही सांगूच नका, म्हणजे..." आणि ती पुन्हा अडली.

आत्या खुर्चीवर बसली. कोपऱ्यातल्याच. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. तिला राग आला होता. इतका खरा राग मी तिला आलेला फार कमी वेळा पाहिलाय. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे वर्षभर तू गप्प?"

"हो."

"वर्षभर?"

"हो."

"याच्या घड्याळात मावला नसता हा पॉज."

तोफ हसावं की रडावं या बेतात होती, शेवटी दोन्ही केलं. "रागावलात?"

"रागावलेय. उद्यापासून रोज संध्याकाळी ग्रंथालयात यायचं. तीनशे पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत."

"येते." पोरीने नाक पुसलं. "आणि सरांना..."

"ते तू सांगायचं," आत्या म्हणाली. "तिथे मी प्रॉम्प्टिंग करणार नाही."

घरी येताना ती काही बोलली नाही, पण हे वेगळं न बोलणं होतं. वाटेत एका दुकानासमोर थांबून तिने पेन्सिली घेतल्या, एकदम डझनभर.

बाबा ओट्यावर मिक्सर उघडून बसले होते. आम्हाला बघून त्यांनी निकाल विचारला नाही. आमच्या घरात कोण काय विचारायचं टाळतं, हे लगेच कळतं. त्यांनी नुसता स्क्रू उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, ते आपलं हे कुठंय, ते..."

"कात्री," आत्या चपला काढता काढता म्हणाली.

बाबांनी मान वर केली. आईही आतून दारात आली.

"कात्री नाही गं. पक्कड."

"मग पक्कड. थांबतोस कशाला एवढा?"

बाबा पक्कड शोधायला लागले. ती माझ्याच पायापाशी पडली होती. पण मी काही बोललो नाही, कारण ते "कुठे गेली ही..." म्हणून परत अडले होते आणि आत्याने तोंड उघडलं होतं.